लोपलेला स्वर आणि संहितेचा अधिकार : ‘अँड जस्टिस फॉर ऑल’च्या पुनःप्रकाशनाचा वाद

मराठीच्या अभ्यासकाला ‘पाठ’ हा शब्द उच्चारताच पोथी आठवते. लेखनिक, त्याचे हस्तदोष, क्षेपके, प्रतींची वंशावळ आणि या सर्वांच्या मागे कुठेतरी असलेली, निदान असावी असे आपण गृहीत धरलेली मूळ संहिता, असा एक संकल्पनाव्यूह त्या शब्दाबरोबर येतो. मुद्रणयंत्राने हा व्यूह कालबाह्य ठरवला असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा असता तर गाब्लर यांच्या ‘युलिसिस’च्या १९८४ च्या आवृत्तीवरून एवढे रण माजले नसते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत तर पाठाचा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण तिथे ‘मूळ’ म्हणून जे काही असते ते प्रारंभापासूनच अनेक पदरांचे असते, आणि श्रोत्याच्या हाती येते ती या पदरांची एक विशिष्ट, कुणीतरी निश्चित केलेली मिळवणी. हा ‘कुणीतरी’ कोण, आणि त्याने केलेली मिळवणी तीस वर्षांनंतर बदलावी काय, या प्रश्नावर झालेल्या एका वादाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. वाद घालणारे विद्वान नव्हते, श्रोते होते. आणि वादाचा विषय अभिजात ग्रंथ नव्हता, तर ‘हेवी मेटल’ या कर्कश म्हणून हिणवल्या गेलेल्या संगीतप्रकारातील एक ध्वनिमुद्रिकासंग्रह होता. पाठचिकित्सेच्या दृष्टीने यापैकी कोणतीच गोष्ट आड येऊ नये.

मेटॅलिका हा वाद्यवृंद १९८१ साली लॉस एंजेलिस येथे जेम्स हेटफील्ड आणि लार्स उल्रिक यांनी उभा केला. हेटफील्ड गायक आणि तालगिटारवादक, उल्रिक ड्रमवादक. पुढे सामील झालेला क्लिफ बर्टन हा बेस गिटार वाजवी. रॉक संगीतात बेसचे काम सामान्यतः पायाचे मानले जाते. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा अशी अपेक्षा असते. बर्टनने ही मर्यादा पाळली नाही. वृंदाच्या १९८३ च्या पहिल्याच संग्रहात त्याच्या बेसच्या एकल वादनाला स्वतंत्र स्थान आहे, आणि १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’पर्यंत त्याचे वाद्य जणू दुसऱ्या गायकासारखे बोलू लागले होते. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना वृंदाची बस उलटली आणि बर्टन मृत्यू पावला. तो चोवीस वर्षांचा होता. काही आठवड्यांतच जेसन न्यूस्टेड या तरुण वादकाला त्याच्या जागी घेण्यात आले. शोक करावयास सवड न ठेवता केलेली ही नेमणूक पुढच्या सर्व चर्चेत पार्श्वभूमीसारखी राहिली आहे.

‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा चौथा संग्रह १९८८ च्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसच्या ‘वन ऑन वन’ या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी प्रकाशित झाला. नऊ रचना, सुमारे पासष्ट मिनिटे. शीर्षकरचना एकटीच जवळजवळ पावणेदहा मिनिटांची. न्यायदानाचा भ्रष्टाचार, मॅकार्थीच्या काळातील बहिष्कार, अभिव्यक्तीची गळचेपी, अण्वस्त्रोत्तर जगाची राख, युद्धात हातपाय, डोळे आणि वाचा गमावून केवळ भान उरलेला सैनिक हे तिचे विषय. शेवटच्या विषयाची प्रेरणा डाल्टन ट्रंबो यांच्या १९३९ च्या कादंबरीतून आली, आणि ‘वन’ या त्या रचनेला १९९० साली ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. बर्टनने मागे ठेवलेल्या स्वरखंडांवरून बांधलेली ‘टु लिव्ह इज टु डाय’ ही बव्हंशी वाद्यरचनाही याच संग्रहात आहे. न्यूस्टेडचे नाव रचनाकार म्हणून केवळ एकाच ठिकाणी, ‘ब्लॅकन्ड’ या पहिल्या रचनेखाली, येते.

आणि या संपूर्ण संग्रहात न्यूस्टेडचे वादन जवळजवळ ऐकू येत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. चांगल्या यंत्रावर, कान देऊन ऐकले तरी गिटारच्या जाड भिंतीखाली काहीतरी सरकते आहे एवढाच भास होतो. ड्रमचा प्रत्येक ठोका टाइपरायटरच्या कळीसारखा कोरडा वाजतो. गिटारमधून मधले स्वर उपसून काढलेले. खोलीची आस, अवकाश, प्रतिध्वनी काही नाही. काही श्रोत्यांना हा कोरडेपणा आशयाशी एकरूप वाटला: न्यायालयाच्या दगडी जिन्यासारखा, निर्दय. काहींना तो केवळ बिघडलेला माल वाटला. संग्रह अमेरिकन विक्रीच्या यादीत सहाव्या स्थानापर्यंत गेला, वृंद रंगमंचावरून क्रीडागारांत पोहोचला. मात्र रचनाबंधाच्या दृष्टीने या वृंदाचे शिखर कोणते या चर्चेत आजही जे दोन तट पडतात त्यांच्यामधली रेषा या बेसमधूनच जाते.

बेस गेला कुठे? पाठचिकित्सकाला येथे साक्षींचा विचार करावा लागतो, आणि साक्षी सगळ्या उशिराच्या, मौखिक आणि हितसंबंधी आहेत. ध्वनिमुद्रणाचे निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांनी वारंवार सांगितले आहे की मुद्रित झालेला बेस उत्तम होता. अंतिम मिश्रणाच्या वेळी आपण उपस्थित नव्हतो. मिश्रण स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी न्यूयॉर्क राज्यातील बेअर्सव्हिल येथे केले. थॉम्पसन यांची साक्ष अशी की, ड्रमचा आवाज कसा असावा हे उल्रिकने आधीच ठरवून आणले होते, आणि बेस इतका खाली घ्या की जेमतेम ऐकू येईल, आणि मग त्याहूनही खाली घ्या, असे त्यानेच सांगितले. वीस वर्षांनी, २००९ साली एका सन्मानसमारंभात, त्याच उल्रिकने ‘त्या संग्रहातील बेसचे काय झाले हो?’ असे आपल्याला विचारले, अशी एक कडू आठवणही ते सांगतात. हेटफील्ड मात्र थकव्याकडे बोट दाखवतो: सततच्या कार्यक्रमांमुळे कान बधिर झालेले, प्रवास चालू, आणि तालगिटार व बेस एकाच ध्वनिपट्ट्यात अडकलेले. न्यूस्टेडचे म्हणणे असे की, आपण आपला भाग एकट्याने, एका तंत्रज्ञाबरोबर, वृंदातील कुणीही समोर नसताना मुद्रित केला आणि गिटारच्या मागोमाग त्याच स्वरांवर वाजवत राहिलो. प्रकाशित ध्वनिमुद्रिका ऐकली तेव्हा आपण संतापलो.

या साक्षी परस्परांना खोडून काढत नाहीत. गिटारच्याच स्वरांवर चालणारा बेस मिश्रणात सहज विरघळतो, आणि विरघळलेला बेस खाली घेण्याचा हुकूम देणे सोपे जाते. कान थकलेले असतील तर तीव्र स्वर कमी भासतात आणि ते वाढवले जातात. तरीही रासमुसेन आणि थॉम्पसन हे दोन स्वतंत्र साक्षीदार एका मुद्द्यावर एकत्र येतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे: वादन होते, ते सुस्थितीत होते, आणि ते जाणीवपूर्वक दाबले गेले. प्रस्तुत लेखकास हा मुद्दा सिद्ध मानण्यास हरकत दिसत नाही. ते का दाबले गेले (मृत मित्राच्या जागी आलेल्या नवख्याचा छळ म्हणून, शोकाचे एक रूप म्हणून, की निव्वळ ड्रमवादकाच्या आत्मप्रेमापायी) याचा निर्णय मात्र साक्षींवरून होत नाही. चाहत्यांच्या वर्तुळात ‘रिकामी जागा हेच बर्टनचे स्मारक’ असे एक वाचन लोकप्रिय आहे. वाचन म्हणून ते सुंदर आहे. पण निर्मितिहेतू म्हणून त्याला कोणताही आधार नाही, आणि या दोहोंमधला भेद समीक्षेने तरी सोडू नये.

येथून वादाचा दुसरा टप्पा सुरू होतो. २००९ साली ‘गिटार हिरो: मेटॅलिका’ हा संगणकीय खेळ बाजारात आला. अशा खेळात खेळणाऱ्याने एखादे वाद्य ‘वाजवायचे’ असते. त्यामुळे प्रत्येक वाद्याचा पदर वेगळा द्यावा लागतो. या निमित्ताने या संग्रहातील काही रचनांचे सुटे पदर श्रोत्यांच्या हाती लागले. एखाद्या मठाच्या माळ्यावरून जुने बाड निघावे तसाच हा प्रकार होता. श्रोत्यांनी बेसचा पदर वर उचलून नवी मिश्रणे तयार केली. ज्या रचनांचे पदर उपलब्ध नव्हते तिथे ध्वनीच्या खालच्या पट्ट्या वाढवून पाहिल्या, काही हौशी वादकांनी तर बेस नव्याने वाजवून बसवला. संग्रहाच्या नावातील ‘ऑल’च्या जागी ‘जेसन’ घालून ही मिश्रणे फिरू लागली. एकाच शीर्षकाखाली तीन वेगळ्या दर्जाचे पाठ येथे मिसळलेले आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे: प्रत्यक्ष पदरावर आधारलेला पाठ, यांत्रिक फेरफाराने केलेला पाठ, आणि अनुमानाने रचलेला पाठ. तिसरा प्रकार कितीही कौशल्याचा असला तरी तो क्षेपकच होय. बहुतेक श्रोत्यांनी हा भेद मानला नाही. काहींनी मात्र अत्यंत काटेकोरपणे मानला, आणि त्यांची टिपणे आपल्याकडील कित्येक ‘संपादित’ आवृत्त्यांच्या प्रस्तावनांपेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावी लागतील.

२ नोव्हेंबर २०१८ रोजी वृंदाने आपल्याच ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ या संस्थेतर्फे संग्रहाची नवी आवृत्ती काढली. साध्या प्रतींबरोबरच एक भव्य पेटीही होती: अनेक तबकड्या, ११ सीडी, ४ डीव्हीडी, १२० पृष्ठांचे पुस्तक, हस्तलिखित गीतांच्या प्रतिकृती, चित्र, बिल्ले. त्याआधी २०१६ आणि २०१७ मध्ये पहिले तीन संग्रह अशाच थाटात निघाले होते; त्यामुळे या वेळी तरी बेस परत येईल अशी आशा अनेकांनी बाळगली होती. ती फोल ठरली. नव्या आवृत्तीत मूळ मिश्रणाला हात लावलेला नव्हता; ते केवळ नव्याने ‘मास्टर’ केले होते. हा तांत्रिक भेदच वादाचे मर्म आहे. मिश्रण म्हणजे पदरांची परस्परांशी तुलनात्मक पातळी ठरवणे; मास्टरिंग म्हणजे मिळून झालेल्या ध्वनीवर अखेरचा हात फिरवणे. पहिल्यात शब्द बदलतात असे म्हटले, तर दुसऱ्यात फार तर अक्षरवळण आणि कागद बदलतो.

मग श्रोत्यांत जुंपली. एका पक्षाचे म्हणणे होते की न्यूस्टेडवर तीस वर्षांपूर्वी अन्याय झाला, तो दूर करण्याची शक्ती आणि साधने आता केवळ वृंदाच्याच हाती आहेत, आणि ‘न्याय सर्वांसाठी’ अशा अर्थाचे नाव धारण करणाऱ्या संग्रहात तो तसाच ठेवणे हे ढोंग आहे. दुसरा पक्ष म्हणे, आम्ही ज्या ध्वनीवर वाढलो तोच हा संग्रह. बेस घातला की तो वेगळा संग्रह होईल, बरा असेल, पण हा नव्हे. हेटफील्डने या सुमारास घेतलेली भूमिका दुसऱ्या पक्षाच्या जवळची होती. या संग्रहात खालचे स्वर थोडे अधिक असते तर बरे झाले असते हे तो कबूल करतो. पण जुने संग्रह ही त्या त्या काळाची छायाचित्रे आहेत, ती आज दुरुस्त करावयाची नसतात, असा त्याचा आग्रह आहे. यात सोय किती आणि तत्त्व किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

या ठिकाणी आपल्या परंपरेतील एक संपादक आठवणे अपरिहार्य आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये असा कडक इशारा शेवटी जोडला. संपादनाचा अधिकार स्वतः बजावून नंतर ते दार बंद करणे, असे या कृतीचे दुहेरी स्वरूप आहे. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा हे दार पुन्हा किलकिले झाले. पण एकनाथांपुढचा प्रश्न वाढवलेल्या मजकुराचा होता. न्यूस्टेडच्या पक्षाचा दावा नेमका उलटा आहे: आम्ही भर घालत नाही, जे मूळ फितीवर होते आणि गाळले गेले तेच परत ठेवा असे म्हणतो. म्हणजे प्रश्न असा होतो की या संग्रहाची मूळ संहिता कोणती? स्टुडिओतील अनेकपदरी फीत, की १९८८ साली दुकानात आलेली ध्वनिमुद्रिका?

ग्रेग आणि त्यांच्यानंतरच्या बावर्स-परंपरेने ‘लेखकाचा अंतिम हेतू’ हा निकष दिला. तो येथे लगेच कोसळतो, कारण लेखक एक नाही. उल्रिकचा हेतू आणि न्यूस्टेडचा हेतू परस्परविरोधी आहेत. रासमुसेन आणि थॉम्पसन हेही आपापल्या परीने संहितेचे कर्तेच आहेत. १९८३ साली जेरोम मॅगन यांनी या निकषाला दिलेला पर्याय (संहिता ही लेखक, मुद्रक, प्रकाशक आणि वाचक यांच्या व्यवहारातून घडणारी सामाजिक वस्तू आहे) अधिक उपयोगी पडतो. त्यानुसार दुकानात आलेली, विकली गेलेली, लक्षावधी कानांनी आत्मसात केलेली ध्वनिमुद्रिका हीच संहिता ठरते. तथापि मॅगन यांचा सिद्धान्त वर्णनासाठी जितका समर्थ आहे तितका न्यायासाठी नाही. ज्याचे काम व्यवहारात दडपले गेले त्याला, ‘दडपणूक हीच आता सामाजिक वस्तू झाली आहे’ असे सांगणे फारसे समाधानकारक नाही.

सुकथनकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाची आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण करताना जी पद्धत घालून दिली, ती या पेचात मला अधिक विवेकी वाटते. जिथे एकच मूळ प्रत कल्पिणे अशक्य आहे तिथे पुराव्याने जो प्राचीनतम पाठ मिळतो तो वर छापावा, अनुमानाने दुरुस्त्या करण्याचा मोह टाळावा, आणि बाकीचे सर्व पाठभेद व क्षेपके खाली टीपांत आणि परिशिष्टांत निष्ठेने नोंदवावीत. टाकून काही द्यायचे नाही. पण सगळे एकाच ओळीत बसवायचेही नाही. २०१८ ची पेटी उघडून पाहिली की तिची मांडणी जवळजवळ अशीच दिसते. वर १९८८ चा पाठ, शब्दशः. खाली, ११ सीडींच्या रूपाने, पाठभेदांचा संभार: प्राथमिक स्वरखंड, कच्ची मुद्रणे, अर्धवट मिश्रणे, प्रत्यक्ष कार्यक्रम. पेटी तयार करणाऱ्यांना सुकथनकर ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि त्यांचा हेतू शास्त्रीय नसून व्यापारी होता हेही उघड आहे. ‘पाठभेद’ ही किंमत वाढवण्याची युक्ती होऊ शकते हे सुकथनकरांना सुचले नसते. भांडारकर संस्थेचे खंड ग्रंथालयात जाऊन कुणालाही चाळता येतात. ही पेटी मर्यादित संख्येची, महाग आणि मुख्यतः जुन्या, आता कमावत्या झालेल्या चाहत्यांसाठी होती.

संहितेत प्रत्यक्ष हात घातला की काय होते याची उदाहरणे याच संगीतप्रकारात उपलब्ध आहेत. मेगाडेथ या वृंदाने २००४ मध्ये आपले संग्रह पुन्हा मिश्रित करून काढले; ‘रस्ट इन पीस’मधील काही गायन तर नव्याने मुद्रित करून घातले. त्याहून गंभीर प्रकरण ऑझी ऑस्बोर्नचे. त्याच्या पहिल्या दोन एकल संग्रहांवर बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांनी अनुक्रमे बेस आणि ड्रम वाजवले होते. मानधन आणि श्रेयावरून त्यांचा न्यायालयीन तंटा चालू असताना २००२ साली जी आवृत्ती निघाली तीत या दोघांचे वादन पुसून दुसऱ्या वादकांचे वादन बसवलेले होते. ग्राहकांनी हे सहन केले नाही, आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. २००२ मध्ये डेझलीच्या जागी बेस वाजवणारा रॉबर्ट ट्रुहियो २००३ पासून मेटॅलिकाचा बेसवादक आहे, हा योगायोग चाहत्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. ‘न्यूस्टेडला वर आणा’ म्हणणाऱ्या पक्षाने हे प्रकरण लक्षात ठेवावयास हवे होते. पुनर्मिश्रणाचे दार एकदा उघडले की त्यातून न्यायच आत येईल असे कुणी ठरवून दिलेले नाही. सूडही त्याच दाराने येतो, आणि दाराची किल्ली नेहमी मालकाकडे असते.

मालकीचा हा मुद्दा दोन्ही पक्षांनी पुरेसा विचारात घेतला नाही असे वाटते. २०१२ च्या अखेरीपासून मेटॅलिकाच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क वृंदाकडेच आहेत. बड्या कंपनीच्या तावडीतून कलावंताची सुटका, असे याचे वर्णन झाले आणि ते योग्यच आहे. पण न्यूस्टेड २००१ सालीच वृंदातून बाहेर पडला होता. ज्या फितीवर त्याचे वादन आहे तिचे काय करायचे हे ठरवणारी माणसे ती फीत १९८८ साली दाबणारीच आहेत. श्रोत्यांनी केलेली मिश्रणे कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरतात. कायद्याला मान्य असलेला एकमेव पाठ अन्याय करणाऱ्याच्या हस्ताक्षरात आहे. आपल्याकडे तुकारामांच्या गाथेविषयी बोलताना बुडवलेल्या वह्या आणि लोकांच्या कंठात राहिलेले अभंग अशी प्रतिमा आपण सहज वापरतो. येथे वही बुडालेली नाही. ती कपाटात सुरक्षित आहे, आणि कंठात मात्र तिचा काही भाग कधी पोहोचलाच नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत सांगावयाचे तर, १९८८ चा पाठ न बदलण्याचा निर्णय योग्य होता, परंतु तो अपुरा होता. छायाचित्राची उपमा हेटफील्डने दिली ती मान्य केली, तरी त्याच छायाचित्राची मूळ निगेटिव्ह दाखवण्यास कुणाची ना नसावी. मुख्य संहिता अबाधित ठेवून, तिच्या शेजारी, ‘हे पर्यायी मिश्रण आहे’ अशी स्पष्ट नोंद करून, न्यूस्टेडचा बेस योग्य पातळीवर असलेला संपूर्ण पाठ त्या अकरा सीडींपैकी एकीवर सहज देता आला असता. तसे न करता वृंदाने जे दिले ते अधिकच विचित्र आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये सिअॅटल येथे झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण या पेटीत आहे, आणि ते मात्र ग्रेग फिडेलमन यांनी नव्याने मिश्रित केले आहे. म्हणजे एक वर्षानंतरच्या पाठाला हात लावताना छायाचित्राचा सिद्धान्त आड आला नाही. त्या मुद्रणात ‘ब्लॅकन्ड’ वाजते तेव्हा न्यूस्टेडचा बेस गिटारच्या खालून स्पष्ट, खरखरीत आणि थोडा पुढेच धावत ऐकू येतो.